केगरेटरसाठी जुना व्हिसी कूलर: पैसे देण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न मी असा समजलो. एक उपाहारगृह बंद होतंय. तिथला दोन काचेच्या दारांचा व्हिसी कूलर (दुकानात शीतपेयं मांडायचा उभा फ्रिज) नव्या केगरेटरच्या, म्हणजे केग थंड ठेवून नळाने बिअर काढायच्या फ्रिजच्या, किमतीच्या साधारण चौथ्या हिश्शात मिळतोय. त्यात ५० लिटरचा एक केग (बिअरचं धातूचं पिंप) ठेवून बाजूच्या भिंतीतून नळ काढायचा तुमचा विचार आहे. विकणारा म्हणतोय, ‘मशीन चालू आहे, मस्त थंड करतं.’ तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: घ्यावा का, भोक कुठे पाडावं, आणि फेसाचा त्रास होईल का.

आधी माझं मत सांगून टाकतो. माझं काम कमर्शियल रेफ्रिजरेशनचं, त्यातही बारमधल्या ड्राफ्ट लाइन (केगपासून नळापर्यंत बिअर नेणाऱ्या नळ्या) बसवायचं आणि दुरुस्त करायचं. जुना कूलर घेऊन घरी केगरेटर करणं मला मनापासून पटतं, कारण दुकानासाठी बनवलेली पेटी दणकट असते आणि तिचे सुटे भाग मिळतात. पण एकच केग ठेवायचा असेल तर दोन दारांचा घेऊ नका. आणि एक दार असो वा दोन, बंद पडून असलेला कूलर नुसता बघून पैसे देऊ नका. आता कारणं सांगतो. ती समजली की पुढचा कूलर तुमचा तुम्हाला पारखता येईल.

विकणारा ज्याला थंड म्हणतो आणि तुम्हाला जे थंड हवंय, त्यात फरक आहे. दुकानात वरच्या कप्प्यातली बाटली ८ अंशांवर आणि खालची ३ अंशांवर असली तरी गिऱ्हाइकाची तक्रार नसते. केगमधली बिअर मात्र तळापासून नळाच्या तोंडापर्यंत ३ ते ४ अंश सेल्सिअसवर राहायला हवी, तीही दिवसरात्र. याचं कारण त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. नेहमीच्या लागरमध्ये एका लिटर बिअरमागे साधारण अडीच लिटर वायू असतो. साडेतीन अंशांना तो विरघळलेला राहायला ०.८ बारच्या आसपास दाब पुरतो. तीच बिअर ८ अंशांवर गेली की तेवढाच वायू धरून ठेवायला १.१ बार दाब लागतो. सिलिंडरवरचा, वायूचा दाब ठरवणारा रेग्युलेटर तर ०.८ वरच लावलेला असतो. मग जास्तीचा वायू बिअर सोडून बाहेर पडतो आणि ग्लासात अर्धा फेस येतो. फेसाची तक्रार आली की मी पिशवीतून थर्मामीटर आधी काढतो. दाबाकडे वळायची वेळ पुष्कळदा येतच नाही.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न असा आहे: ही पेटी एवढा मोठा केग सगळीकडून सारखा थंड ठेवू शकेल का, आणि तिच्या भिंतीला भोक पाडल्यावरही ठेवू शकेल का? याचं उत्तर बरंचसं तुमच्यावर अवलंबून आहे. केग कुठल्या प्रकारचा मिळतो, कूलर बैठकीच्या खोलीत ठेवणार की गॅरेजमध्ये, ५० लिटर संपायला किती दिवस लागणार, आणि जवळपास विश्वासाचा फ्रिज मेकॅनिक आहे का, यावर पुढचा सल्ला थोडा इकडेतिकडे होईल. एक गोष्ट मात्र बदलत नाही. जुना कूलर घेताना तुम्ही मुख्यतः त्याचं गॅसचं बंद सर्किट विकत घेत असता: कंप्रेसर, उष्णता बाहेर सोडणारा कंडेन्सर, कॅपिलरी ही बारीक नळी, गारवा देणारी आतली कॉइल आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या. बाकी जवळजवळ सगळं बदलता येतं.

दाराचं रबर कडक झालंय? नवं बसतं. आतला पंखा घरघरतोय? त्याची मोटर बदलणं अर्ध्या तासाचं काम. थर्मोस्टॅट अडकतो, रिले जळालाय, कपॅसिटर फुगलाय, दिवा लागत नाही, कंडेन्सरवर धुळीचा नमदा बसलाय, यातलं काहीही दिसलं तरी भाव पाडून घ्या आणि बिनधास्त पुढे जा. पण गॅस कुठून तरी गळत असेल, आणि ती जागा भिंतीतल्या पफच्या (इन्सुलेशनच्या फोमच्या) आत असेल, तर ती पेटी तुमच्यासाठी संपली. पफ फोडून नळी जोडणं जमतं, पण त्यावर होणारा खर्च दुसऱ्या कूलरच्या किमतीच्या जवळ जातो आणि काम टिकेल याची खात्री कुणी देत नाही. कंप्रेसर गेलेला असेल तरी हिशेब तोच.

म्हणून सर्किट तपासायला वेळ काढा. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की कूलर बंद ठेवा, मी आल्यावर माझ्यासमोर चालू करू. आधीच थंड करून ठेवलेला कूलर तुम्हाला काहीच सांगत नाही. जाताना घरातला साधा थर्मामीटर, टॉर्च, मोजपट्टी आणि मिळाला तर क्लॅम्प मीटर न्या.

कूलर चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं नुसतं ऐका. कंप्रेसर एकदाच गुणगुणत सुरू व्हावा आणि चालत राहावा. ‘टक्’ आवाज, दोन-तीन सेकंद घुरघुर, परत ‘टक्’, असं होत असेल तर ओव्हरलोड (ताण वाढला की वीज तोडणारा स्विच) त्याला बंद करतोय. कधी दोष फक्त रिलेचा किंवा कपॅसिटरचा असतो, कधी कंप्रेसरच जाम असतो. तिथे उभ्या उभ्या ते ठरवता येत नाही, त्यामुळे असा कूलर चालू कूलरच्या भावाने घेऊ नका. कंप्रेसर व्यवस्थित चालला तर क्लॅम्प मीटर एका तारेवर लावून करंट बघा आणि नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. आकडा नेमप्लेटपेक्षा वर जात असेल तर कंप्रेसरवर ताण आहे किंवा कंडेन्सर चोंदलाय. खूपच खाली असेल आणि पेटीही थंड होत नसेल, तर गॅस कमी आहे किंवा कंप्रेसर दाब देत नाही.

साधारण अर्ध्या तासाने आतल्या कॉइलचं झाकण काढायला सांगा. चार स्क्रू असतात. विकणारा कुरकुर करेल, पण आग्रह धरा, कारण सबंध तपासणीत यापेक्षा बोलकी जागा दुसरी नाही. पंखा थोडा वेळ थांबवून टॉर्च लावा आणि कॉइलच्या प्रत्येक वळणाकडे नीट बघा. निरोगी सर्किटमध्ये पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत सारखा पातळ पांढरा थर किंवा सारखे दवाचे थेंब दिसतात, आणि बोट टेकवलं तर सगळीकडे सारखाच गारवा लागतो. गॅस कमी असेल तर कॅपिलरी जिथे कॉइलला मिळते तिथली पहिली दोन-तीन वळणं जाड बर्फाने पांढरी होतात आणि पुढची सगळी कोरडी, कोमट राहतात. पेटीतली हवा तरीही बऱ्यापैकी गार लागते, म्हणून विकणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या हाताला ती गारच लागलेली असते. पण असा कूलर रिकामा असतानाच कसाबसा पोहोचतो. त्यात ५० लिटर कोमट बिअर ठेवली की दोन दिवस अखंड चालूनही तो ३ अंशांवर येणार नाही.

तेलाचे डाग शोधा. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही सर्किटभर फिरतं, त्यामुळे जिथून गॅस सुटतो तिथे तेल पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटून काळपट ओला डाग तयार होतो. कंप्रेसरच्या शेजारचे सांधे, फिल्टर ड्रायरची (गॅसमधला ओलावा टिपणाऱ्या नळकांडीची) दोन्ही टोकं, कॉइलची वळणं, एवढ्या जागा टॉर्चने पाहा. जुन्या धुरकट नळ्यांमध्ये चार्जिंगच्या (गॅस भरायच्या) नळीचा सांधा नवाकोरा चमकत असेल तर गॅस नुकताच भरलाय. विचारा की का भरला, आणि गळती कुठे सापडली. ‘सर्व्हिसिंग केलं’ एवढंच उत्तर आलं तर गळती सापडलेली नाही असं धरा. गॅस आपोआप संपत नसतो, तो गळतो.

नेमप्लेटचा फोटो काढाच. त्यावर गॅसचं नाव असतं. आर-१२ असेल तर सोडून द्या. ओझोनच्या रक्षणासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानंतर विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९६ पासून आणि इतरत्र २०१० पासून थांबलं. ती पेटी फार जुनी आहे आणि गॅस गेला तर तोच परत भरता येणार नाही. आर-१३४ए सर्वांत सोयीचा, कुठलाही मेकॅनिक हाताळतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन आणि आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. हे दोन्ही चांगले गॅस आहेत, पण ज्वालाग्राही आहेत. त्या पेटीत ड्रिल नळीला लागलं तर नुसती पेटी वाया जात नाही, आगीचाही धोका असतो. नेमप्लेटवर व्होल्टेज आणि हर्ट्झही बघा. मशीन थ्री फेजचं असेल, किंवा त्याचा कंप्रेसर वेगळा, छतावर नाहीतर मागच्या खोलीत बसवलेला असून पेटीच्या मागे नुसत्या तांब्याच्या नळ्या लोंबत असतील, तर पेटी कितीही सुंदर असो, घरासाठी निरुपयोगी.

पफ ओला आहे का हेही तपासा. तास-दीड तास चालल्यावर बाहेरच्या पत्र्यावरून तळहात फिरवा. एखाद्याच ठिकाणी पत्रा गार लागत असेल किंवा तिथेच घाम येत असेल, तर आतल्या पफमध्ये पाणी शिरलंय. ओला पफ वाळत नाही. तळाजवळ ही खूण जास्त दिसते, कारण ड्रेन तुंबला की पाणी तिथेच साचतं. कंप्रेसरच्या कप्प्यात टॉर्च मारून झुरळांची अंडी आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा. उपाहारगृहातून येणाऱ्या प्रत्येक कूलरला हे लागू आहे. झुरळं दिसली तर कूलर घरात आणायच्या आधी बाहेरच उघडून साफ करा.

आणखी एक गोष्ट लोक विचारत नाहीत आणि नंतर अडचणीत येतात. शीतपेयांच्या कंपन्या दुकानदारांना जे कूलर देतात ते बहुतेक वेळा कंपनीच्याच मालकीचे राहतात. मागे किंवा दाराच्या चौकटीवर मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर असेल तर विकणाऱ्याकडे तो विकायचा हक्क आहे का, याचा कागद मागा. स्टिकर खरवडलेलं दिसलं तर तिथूनच परत फिरा.

आता मापांकडे येऊ. कूलर किती लिटरचा आहे हे विसरा, तो आकडा बाटल्यांसाठी असतो. ५० लिटरचा केग आखूड-जाड प्रकारचा असेल तर साधारण ५३ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद असतो. उभट प्रकारचा असेल तर ६० उंच आणि ३८ रुंद. त्यावर कपलर (केगला वायूची आणि बिअरची नळी जोडणारा भाग) बसतो आणि कपलरमधून नळी वळून बाहेर पडते, त्यासाठी वर आणखी १२ ते १५ सेंटिमीटर मोकळे हवेत. उभ्या व्हिसी कूलरमध्ये उंचीचा प्रश्न नसतो, कप्पे काढले की झालं. अडतं ते खोलीला. आतल्या मागच्या भिंतीपासून बंद दाराच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा, दाराच्या रबरापर्यंत नव्हे. कित्येक व्हिसी कूलरमध्ये मागे खाली कंप्रेसरसाठी उंचवटा असतो आणि तळाला उपयोगी खोली त्यामुळे कमी मिळते. केगच्या मागे आणि बाजूंना हवा फिरायला निदान तीन-चार सेंटिमीटर सोडा, नाहीतर पंखा हवा फेकेल आणि ती केगच्या वरूनच परत जाईल.

वजनही धरा. भरलेला ५० लिटरचा केग ६० किलोच्या पुढे जातो. व्हिसी कूलरचा तळ पातळ पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा असतो, कारण बाटल्यांचं वजन कप्प्यांच्या कड्यांवर येतं. त्यामुळे तळाला १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लायवूड पूर्ण मापाचा कापून टाका, म्हणजे भार सगळीकडे वाटला जाईल. ड्रेनचं भोक झाकू नका.

दोन दारांचा का नको, ते आता सांगतो. काचेचं दार कितीही चांगलं असलं तरी पफच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता आत घेतं. काही दारांच्या चौकटीत काचेवर घाम येऊ नये म्हणून छोटा हीटरही असतो. दोन दारं म्हणजे हे सगळं दुप्पट, कंप्रेसर मोठा, पंख्याचा आवाज मोठा, आणि एवढं करून आत एक केग आणि भरपूर रिकामी हवा. विजेचं बिल दर महिन्याला येणार आहे, सुरुवातीची बचत एकदाच होणार आहे. तुम्ही दोन-तीन केग लावणार असाल, किंवा उरलेल्या अर्ध्यात घरची इतर पेयं ठेवणार असाल, तर दोन दारांचाही विचार करता येईल. पेटी घेतल्यावर काचेच्या आतल्या बाजूने २५ मिलिमीटरचा इन्सुलेशन बोर्ड बसवला आणि दिवा कायमचा काढला, तर फरक पडतो. मात्र दारात हीटर असेल तर त्याची जोडणी आधी मेकॅनिककडून सोडवून घ्या. शक्य असेल तर वीज मोजणारं प्लगचं मीटर लावून कूलर चोवीस तास चालवून बघा, म्हणजे महिन्याचा खर्च अंदाजाने ठरवावा लागणार नाही.

आवाजाबद्दल विकणारे बोलत नाहीत. दुकानाच्या गजबजाटात जो कूलर ऐकूच येत नाही तो रात्री बैठकीत चांगलाच ऐकू येतो. शिवाय तो खोलीत उष्णता सोडतो. झोपायच्या खोलीला लागून ठेवणार असाल तर घेण्याआधी दुकानातले इतर पंखे बंद करायला सांगून एकदा ऐका.

भोकाचा प्रश्न. काचेच्या दारातून नळ काढायचा विचार मनातही आणू नका. ती टफन्ड काच असते, ड्रिल लागताच सगळी फुटते. बाजूची भिंत हा तुमचा विचार बरोबर आहे, पण आधी ती भिंत रिकामी आहे याची खात्री हवी. ज्या कूलरमध्ये कंडेन्सर खाली पंख्यासह बसवलेला असतो, त्याच्या बाजूच्या भिंती बहुधा मोकळ्या असतात. काही मॉडेल्समध्ये मात्र कंडेन्सरची नळी बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. ओळखायचं असं: कूलर तासभर चालू द्या आणि बाजूच्या पत्र्यावर हात ठेवा. कोमट लागला तर आत नळी आहे. ती नेमकी कुठून जाते हे पाहायला कॉर्नफ्लोअर आणि रबिंग अल्कोहोल यांचा पातळ लेप पत्र्यावर फासा. जिथे नळी आहे तिथे तो आधी वाळून पांढरा होतो आणि नळीची रेघ उमटते. हा लेप पेटणारा आहे, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको. कुणाकडे थर्मल कॅमेरा मिळाला तर आणखी चांगलं. पत्रा कुठेच कोमट लागला नाही तरी दाराच्या चौकटीजवळ भोक पाडू नका. चौकटीला घाम येऊ नये म्हणून तिच्या आतून गरम गॅसची नळी फिरवण्याची पद्धत आहे. कोपऱ्यांतून वायरी जातात, तेही टाळा.

जागा ठरली की कूलरचा प्लग काढा. आतल्या बाजूने फक्त आतलं आवरण कापा, ड्रिल पुढे ढकलू नका. मग पफ हाताने, बोथट स्क्रूड्रायव्हरने थोडा थोडा कोरत जा. पफ भुसभुशीत असतो, सहज निघतो, आणि वाटेत नळी किंवा वायर आली तर हत्यार तिच्यावर हलकेच अडतं, तुम्हाला कळतं. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला पोहोचलात आणि काही लागलं नाही, की मधोमध बारीक भोक पाडून बाहेर खूण करा आणि मगच बाहेरून होलसॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लावा. शँकचा, म्हणजे भिंतीतून जाऊन नळ धरणाऱ्या धातूच्या नळीचा, व्यास साधारण २२ मिलिमीटर असतो, त्यामुळे २५ चं भोक पुरतं. शँकची लांबी भिंतीच्या जाडीप्रमाणे घ्या. कमर्शियल भिंत घरच्या फ्रिजपेक्षा जाड असू शकते. शँक आणि नळ ३०४ स्टीलचे घ्या, क्रोम चढवलेल्या पितळेचा थर झिजला की बिअरला धातूची चव लागते. भोकाच्या कडेने उरलेली फट सिलिकॉनने पूर्ण बंद करा, नाहीतर दमट हवा पफमध्ये शिरेल आणि मघाशी सांगितलेला ओला पफ तुमच्याच हाताने तयार होईल. कूलरवर टॉवर (नळ बसवलेला उभा खांब) उभा करण्यापेक्षा भिंतीतला शँक मला जास्त आवडतो, कारण नळी जवळजवळ पूर्ण थंड पेटीत राहते. टॉवरमधली नळी खोलीच्या तापमानाला येते आणि पहिला ग्लास फेसाळतो.

चेस्ट फ्रीझरचा पर्याय कुणी सुचवला तर एवढं लक्षात ठेवा की त्याच्या चारही भिंतींत नळ्या असतात. तिथे भिंतीला हात लावायचा नाही. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवून त्यातून नळ काढायचा, आणि बाहेरून थर्मोस्टॅट लावायचा. वीज कमी लागते, पण भरलेला केग वरून आत उतरवायला दोन माणसं लागतात आणि आत ओल साचते.

कूलर घरी आणताना उभाच आणा. आडवा करावाच लागला तर घरी आल्यावर २४ तास उभा ठेवून मग चालू करा, म्हणजे नळ्यांत गेलेलं तेल कंप्रेसरमध्ये परत उतरेल. त्याआधी घराचं दार, जिना आणि वळणं मोजून ठेवा. मागे आणि खाली, जिथून कंडेन्सर हवा घेतो आणि सोडतो, त्या बाजू मोकळ्या ठेवा.

तापमान हवेत मोजू नका. पाण्याने भरलेल्या बाटलीत थर्मामीटरचा प्रोब बुडवून ती केगशेजारी ठेवा आणि पाणी ३ ते ४ अंशांवर स्थिर होईपर्यंत थर्मोस्टॅट हलवत राहा. प्रत्येक बदलानंतर काही तास थांबा. मूळ थर्मोस्टॅट तेवढं खाली जात नसेल तर बाहेरून डिजिटल कंट्रोलर लावता येतो. त्यात कंप्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी किमान तीन मिनिटं थांबण्याची सोय हवी. थंडी वाढवण्याच्या नादात शून्याखाली जाऊ नका. कॉइलवर बर्फ साचून हवाच थांबते आणि मग पेटी उलट गरम होते. ५० लिटर बिअर २५ अंशांवरून ४ वर आणायची म्हणजे सुमारे ४,४०० किलोज्यूल उष्णता काढायची, आणि ती केगच्या पत्र्यातून हवेत आणि हवेतून कॉइलवर जायची. केग आल्यावर पूर्ण एक दिवस थांबून मगच नळ उघडा. त्याआधी काढलेल्या ग्लासवरून लाइनबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका.

फेसाचं बाकीचं गणित सोपं आहे. दाब ०.८ बारच्या आसपास, आतून ४.८ मिलिमीटर व्यासाची नळी, आणि लांबी अडीच ते तीन मीटर. नळीतल्या घर्षणाने दाब हळूहळू उतरतो आणि बिअर नळातून शांतपणे येते. ‘लांब नळी कशाला’ म्हणून अर्धा मीटर ठेवली की बिअर उसळून येते, आणि मग लोक दाब कमी करतात, मग दोन दिवसांत बिअर मवाळ पडते. नळी लांब ठेवा आणि पेटीतच गुंडाळून ठेवा. दर दोन आठवड्यांनी ती लाइन क्लीनरने धुवा. स्वच्छ दिसणाऱ्या नळीतही यीस्टचा थर बसतो, आणि जुन्या कूलरला दोष दिला जाणारा आंबूस वास कित्येकदा नळीचाच असतो.

शेवटचं, आणि यात काटकसर करू नका. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नेहमी उभं आणि साखळीने बांधलेलं ठेवा, आणि त्याची तपासणीची तारीख बघून घ्या. त्यावरचा मोठा दाबमापक किती गॅस उरलाय ते सांगत नाही. आत द्रव आहे तोवर तो तापमानाप्रमाणे एकच दाब दाखवतो, २० अंशांना ५७ बारच्या आसपास. शिल्लक कळायला सिलिंडरचं वजन करा. जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. २.३ किलोच्या छोट्या सिलिंडरमधून सव्वा घनमीटर वायू निघतो. ३ बाय ४ मीटरच्या, अडीच मीटर उंच, बंद खोलीत तो सगळा गळला तर हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर जातं, आणि ती पातळी जिवाला तातडीचा धोका मानली जाते. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि त्याला वास नसतो. तळघर किंवा खिडकी नसलेली खोली असेल तर जमिनीजवळ कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय सिलिंडर उघडू नका.

तुमच्या दोन दारांच्या कूलरबद्दल अजून मन ओढ घेत असेल तर मला चार गोष्टी कळवा: नेमप्लेटचा स्पष्ट फोटो, आतली खोली उंचवट्यासह आणि उंचवट्याशिवाय, झाकण काढून अर्ध्या तासानंतर घेतलेला कॉइलचा फोटो, आणि तुमच्या पुरवठादाराकडच्या केगची उंची-रुंदी. एवढं हातात आलं की कुठल्या भिंतीला, किती उंचीवर भोक घ्यायचं, ते नेमकं सांगतो. तोवर विकणाऱ्याला बयाणा देऊ नका.